ईयामचा 'त्याग' आणि पाद्रीबुवांची पोरं

तिरकस: परवा इथे एकाने लिहिलं, 'इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या ईयाम गावाने १६६६ च्या प्लेगात स्वखुशीने वेस बंद करून घेतली, नाहीतर आपले लोक!' डोकंच उठलं. पाद्री विल्यम माँपेसनने जूनमध्ये गावबंदी करायला लावली, पण स्वतःची दोन पोरं त्याआधीच बाहेर धाडली होती. त्याग करायचा तो गावाच्या पोरांनी!

शेफील्डकर: बायको कॅथरिन मात्र थांबली आणि ऑगस्टमध्ये गेली, हे सोयीस्कर गाळलंत. सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात कबर आहे तिची. आमच्याकडे पाहुणे आले की मी तिकडेच नेतो. शिवेवरच्या दगडाला भोकं आहेत. नाण्यांवाटे रोग जाऊ नये म्हणून त्यात व्हिनेगर ओतून ती ठेवायची, बाहेरच्यांनी धान्य ठेवून ती उचलायची. माझ्या लेकीने बोट घातलं तर आत पावसाचं पाणी नि शेवाळ. आणि ते 'ईयाम' नाही, 'ईम'.

तिरकस: 'पूना'वाल्यांचे उच्चार आम्ही कशाला सांभाळायचे?

कुंदाताई: ईयामवाल्यांना निदान जवळच्या चॅट्सवर्थच्या वाड्यातून तिथले जहागीरदार अर्लसाहेब धान्य तरी पाठवत होते! २०२० मध्ये आमच्या दारावर सोसायटीने कागद डकवला. चौदा दिवस दुधाची पिशवीसुद्धा कुणी आणून दिली नाही. सेक्रेटरी मात्र रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत होते.

खवट: आमच्याकडे लिफ्टला कुलूप. सिलिंडर खांद्यावर घेऊन आठ मजले चढलोय. चेअरमनच्या घरी मोलकरीण चालू!

कुंदाताई: आमच्याकडेही!! आणि मेंटेनन्स पूर्ण घेतला हो.

तिरकस: धागा ईयामचा आहे, सोसायटीच्या सभेचा नाही. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा काय वेस बघून थांबतात? माणसं आत कोंडली आणि २६० मेली. गाव साडेतीनशेचं की सातशेच्या वर, यावरही वाद आहे, तरी 'तीन चतुर्थांश गाव गेलं' हे ठोकून द्यायचं.

शेफील्डकर: आकड्याचं ठीक. पण एकट्या माँपेसनचं कोण ऐकत होतं? आधीचा पाद्री थॉमस स्टॅन्ली, सरकारी प्रार्थनापोथी नाकारली म्हणून पद गेलेला, तो सोबत उभा राहिला तेव्हा गाव वळलं. चर्च बंद, प्रार्थना ककलेट डेल्फच्या घळीत, घरटी अंतर राखून. एलिझाबेथ हॅन्कॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. तिलाही 'कोंडली' म्हणणार?

तिरकस: तिला विचारलं होतं का कुणी? बरं, बुवा बायकोसकट थांबला, एवढं दिलं. पोरं धाडली हे तुम्ही कबूल करा.

शेफील्डकर: केलं. मीही धाडली असती.

कुंदाताई: आणि आमचे सेक्रेटरी?