हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: ओहोटीचं गणित कसं जमवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, त्यामुळे भरती-ओहोटीच्या बाबतीत पार अडाणी. मागे हरिहरेश्वरला गेलो तेव्हा कड्याच्या फटीतून उतरणाऱ्या कोरीव पायऱ्यांच्या तोंडाशी पोचलो आणि बघतो तर खालच्या पायऱ्यांवर लाटा फुटताहेत! तसेच परत फिरलो. आईची प्रदक्षिणा राहिली ती राहिलीच.

आता डिसेंबरात पुन्हा निघतोय. एवढं कळलंय की ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त मागे हटतं, पण तेव्हा ती सकाळी सहा-सातच्या सुमारास येते. मग आधी काळभैरव, नंतर हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव हे दर्शन उरकून खाली उतरायला वेळ मिळतो का? की अष्टमीच्या आसपासची दुपारची ओहोटी बरी?

दुसरं, आई सत्तरीची आहे. रामटेकच्या पायऱ्या बसत-बसत चढते, पण इथे खाली शेवाळ असतं ना? चप्पल चालेल की अनवाणीच बरं? आणि माणगाव स्टेशनवरून थेट एसटी मिळते, की श्रीवर्धनला बदलावी लागते?

अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर सांगा बाप्पा, तिकिटं काढायची आहेत.