वर्षभर केसांवर वेगवेगळे प्रयोग करायचेत, क्रम कसा लावू?

सरळभांग:
वय ४७. कॉलेजपासून आजपर्यंत एकच अवतार, मधोमध भांग आणि मागे क्लचर, फारच झालं तर वेणी. आता ठरवलंय की पुढचं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी वेगळं करून बघायचं. मनात बरंच काही आहे, कपाळावर फ्लिक्स, खांद्यापर्यंतचा कट, बॉब, जमलं तर एकदा चक्क बॉयकट, एखादी बट रंगवणं, कर्ल्स, आणि शेवटी पांढरे आहेत तसे सोडून द्यायचे का तेही बघायचंय.

केसांची माहिती देते म्हणजे सांगायला सोपं जाईल. लांबी कमरेच्या जरा वर, थोडे वेव्ही, शेंडे कोरडे आणि दुतोंडी. कानशिलांवर भरपूर पांढरे, मागे जवळजवळ नाहीतच. कलर कधीच केला नाही पण पाकिटातली मेंदी बरीच वर्षं लावतेय. गेल्या काही वर्षांत वेणी पातळ झालीये, रबराला पूर्वीपेक्षा एक वेढा जास्त बसतो.

प्रश्न दोनच. एक, हे सगळं कुठल्या क्रमाने करू म्हणजे वर्षात जास्तीत जास्त गोष्टी करता येतील? आणि दोन, पातळ झालेल्या केसांना हे झेपेल का? "या वयात शोभेल का" हे मी विचारत नाहीये, ते ठरलंय, त्यामुळे त्यावर प्रवचन नको प्लीज. घरी फुकट मिळतंय.

आधीहिशोब:
ताई, आधी गणित. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास. बॉयकट केलात तर वर्षाने जेमतेम बॉबपर्यंत पोचाल, तोही सगळीकडून सारखा नाही. एका वर्षात लांब-आखूड-परत लांब असं होत नाही, म्हणून लांब केसांत जे जे करायचंय ते सगळं आधी उरकून घ्या आणि मग एकेक पायरी वर चढत जा, खांदा, हनुवटी, शेवटी बॉयकट. कुठल्याही पायरीवर वाटलं की बस, इथेच छान आहे, तर थांबता येतं. उलट्या बाजूने गेलात तर तो पर्याय राहत नाही.

पहिला महिना कात्रीच लावू नका. फक्त भांग बदला. ऐकायला फालतू वाटेल पण चेहऱ्यात जो फरक पडतो तो बघून माणसं विचारतात की काय केलंस. इतकी वर्षं मधला भांग आहे म्हणजे मुळं त्या वळणाला सवयीने पडतात, एका दिवसात ऐकणार नाहीत. केस धुतल्या धुतल्या ओले असतानाच नवा भांग पाडा आणि वाळवताना मुळांपाशी उलट दिशेने फणी फिरवा, काही आठवड्यांत बसतो. शिवाय वर्षानुवर्षं एकाच रेषेत भांग पडला की तिथली त्वचा जास्त उघडी दिसते, ती झाकली जाते हा बोनस.

फ्लिक्सच्या आधी एक गोष्ट नक्की तपासा, कपाळाच्या वर भोवरा आहे का ते. आरशासमोर ओले केस सगळे पुढे घ्या आणि हात न लावता आपोआप वाळू द्या. एखाद्या जागी केस स्वतःहून दोन बाजूंना फाकले किंवा उभे राहिले तर तिथे भोवरा आहे, आणि सरळ कापलेल्या फ्लिक्स तिथे रोज सकाळी तुमच्याशी भांडणार. मग तिरक्या, बाजूला जाणाऱ्या फ्लिक्स घ्या. आणि कापताना कोरड्यावर कापायला सांगा, ओला केस ताणला जातो, त्यात तुमचे वेव्ही, वाळले की अर्धा बोट वर जातात. नाकाच्या टोकापर्यंत ठेवून सुरू करा, नंतर कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. भुवईपर्यंत कापलेल्या फ्लिक्स हनुवटीपर्यंत यायला वर्षाच्या जवळ जातं हे लक्षात असू द्या, मधले सगळे महिने पिना.

कात्रीआधी:
वरच्यांचं गणित बरोबर आहे पण निष्कर्ष मला अजिबात पटला नाही 😄 मी म्हणेन आधीच आखूड करा.

कमरेपाशी जे शेंडे आहेत ना ते चार-पाच वर्षं जुने आहेत, हिशोब वरच्यांनीच केलाय, वर्षाला १५ सेंटीमीटर. म्हणजे इतक्या वर्षांची मेंदी, ऊन, क्लचरचे दात, सगळं त्या शेंड्यांनी सोसलंय, आणि त्यांच्यावरच तुम्ही कर्ल्स आणि कलर करणार? ते टिकणारच नाहीत. एकदा हनुवटीपर्यंत आलात की डोक्यावर फक्त तरणे केस राहतात आणि त्यांच्यावर काहीही करा, छान बसतं.

दुसरं म्हणजे उतरत्या क्रमात, म्हणजे लांबाकडून आखडाकडे, प्रत्येक स्टाईलसाठी पार्लरची खुर्ची लागते. चढत्या क्रमात केस आपले आपण वाढतात आणि दर दोन महिन्यांनी नवी स्टाईल आयती मिळते. फक्त एक युक्ती आहे, मानेवरचे केस आधी कॉलरला टेकतात आणि पुढचे अजून कानापाशीच असतात, तेव्हा माणूस वैतागून परत सगळे कापून टाकतो. तेव्हा फक्त मान साफ करून घ्यायची, वरच्यांना हात लावू द्यायचा नाही. पुढचे मागच्यांना गाठेपर्यंत हे दीड-दोन महिन्यांनी करत राहायचं. कट करणारे सवयीने "सगळीकडून थोडं थोडं लेव्हल करतो" म्हणतात, तिथे ठाम नाही म्हणायचं.

आणि पातळ केसांबद्दल, लांब पातळ केस जास्तच पातळ दिसतात कारण वजनाने डोक्याला चिकटतात. हनुवटीपाशी ब्लंट, म्हणजे सरळ एका रेषेत, कापले की शेंड्यांची रेघ जाड दिसते. लेअर्स किंवा स्टेप कट सुचवतील, व्हॉल्यूम येतो म्हणून. दाट केसांना येतो. पातळ केसांत लेअर्स घातल्या की खाली मोजक्या बटा लोंबत राहतात आणि त्या आणखीच केविलवाण्या दिसतात.

रंगारी:
कटचं तुम्ही भांडून ठरवा, मला पाकिटातल्या मेंदीबद्दल बोलायचंय कारण ते कोणी बोललं नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

शुद्ध मेंदीच्या पानातला रंग केसाच्या केराटिनला (केस ज्याचा बनतो ते प्रथिन) धरून बसतो आणि पांढऱ्या केसावर केशरी-तांबडाच येतो. पाकिटातली मेंदी काळी किंवा गडद ब्राऊन चढत असेल तर त्यात आणखी काहीतरी आहे. नुसती नीळ (इंडिगोच्या पानांची पूड) असेल तर रंगासाठी कटकटीची पण धोक्याची नाही. पीपीडी असू शकतं, म्हणजे डायमधलं तेच केमिकल ज्याची अनेकांना अॅलर्जी येते. किंवा धातूंचे क्षार असू शकतात, आणि हा प्रकार वाईट, कारण त्यावर ब्लीच किंवा पेरॉक्साईडवाला कलर पडला की केस तापतात आणि तुटतात. म्हणून पाकिटामागचं घटकांचं बारीक अक्षर वाचा आणि कलर करणाऱ्याला मेंदीचं आधी सांगा. फणीत आलेले केस जमवून त्यांची एक बारीक बट बांधून घेऊन जा, आधी तिच्यावर टेस्ट करून दाखवा म्हणा. जो नाही म्हणेल त्याच्याकडे करू नका.

पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा रंग त्वचेवर लावून बघणं, ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. पूर्वी कधी काही झालं नाही म्हणजे आता होणार नाही असं नसतं, पीपीडीची अॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उपटते.

बट रंगवायची असेल तर कानशिलाची पांढरी बट सोन्यासारखी संधी आहे. लोक ब्लीच करून जो पांढरा पाया तयार करतात तो तुमच्याकडे आयता आहे, फक्त मेंदी न लागलेला वाढू द्या. त्यावर सेमी-परमनंट रंग लावा, त्यात पेरॉक्साईड नसतं, वरवर बसतो आणि धुता धुता उतरतो, जांभळा लावा नाहीतर तांबूस. ऑफिसात कोणी काही बोललं तर काही आठवड्यांत फिका पडतोच.

पांढरे सोडून द्यायचे असतील तर मेंदीची रेघ मुळाशी स्पष्ट दिसणार आणि ती महिन्याला एक सेंटीमीटर खाली सरकणार, तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. म्हणून या एका मुद्द्यावर माझं मत कात्रीआधी यांना, आखूड केसांत ही रेघ लवकर संपते. आणि काहीही करा पण मेंदी आजपासून बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनीही आपण याच जागी असू.

टोपीवाला:
५२, पुरुष. अवांतर वाटेल पण लिहितो. मी उलट केलं, आयुष्यभर बारीक कापून या वयात मानेपर्यंत वाढवले. पुढून मागे सरकलेत तरी वाढवले. लोक पहिले दोन महिने विचारतात "बरं नाही का?", नंतर विचारतात "गिटार शिकताय का?", नंतर विचारणं बंद होतं. कंटाळून तेच गप्प होतात, आपण काही करायला लागत नाही. पुढच्या वर्षी सफाचट करणार आहे.

त्वचाविभाग:
मी त्वचेच्या ओपीडीत काम करते, डॉक्टर नाही, पण दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं.

चाळिशीच्या पुढे पाळी बंद व्हायच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होतं तसा केसाचा वाढीचा काळ आखडतो आणि नवा येणारा केस आधीपेक्षा बारीक येतो. म्हणजे केस न गळताही वेणी बारीक होते. डोक्याच्या त्वचेतलं तेलही कमी होतं म्हणून कोरडे वाटतात. हे एक. दुसरा प्रकार म्हणजे अचानक पुंजक्याने गळणं, हे मोठा ताप, ऑपरेशन, कडक डाएट असं काही झालं की दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं आणि तोवर माणूस कारण विसरलेला असतो. ते बहुधा आपोआप थांबतं.

दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे, आणि तुम्ही आठवड्यातून एकदाच धूत असाल तर त्या दिवशी पुंजका मोठा दिसणारच, घाबरू नका. पण भांग हळूहळू रुंद होत चाललाय, पुढची केसांची रेषा मागे सरकतेय, किंवा भुवयासुद्धा विरळ होतायत असं असेल तर कटच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड बघतात. मिनॉक्सिडिल (केसवाढीचं औषध) दिलं तर पहिले काही आठवडे गळणं वाढल्यासारखं वाटतं, बऱ्याच बायका तिथेच घाबरून सोडतात.

झेपेल का म्हणाल तर, कापण्याने मुळाला काहीच होत नाही, पातळही होत नाहीत आणि कापल्याने दाटही येत नाहीत. त्रास ओढण्याने होतो. घट्ट पोनी, घट्ट बारीक वेण्या, एक्स्टेन्शन्स, हे रोज असेल तर कानशिलांचे केस कायमचे जाऊ शकतात. तुमच्या यादीत यातलं काही नाही, छान आहे. स्मूदनिंगवाले (केस सरळ-गुळगुळीत करणारे) काही सुचवतील तर मात्र विचारा की त्यात फॉर्मल्डिहाइड आहे का. "नाही" म्हणाले तरी लेबल बघा, काही प्रॉडक्ट्समध्ये ते तापवल्यावर सुटतं, डोळे झोंबतात ते उगाच नाही.

सरळभांग:
बापरे, सगळ्यांचे आभार. पाकीट काढून वाचलं. मेंदीच्या खाली आणखी पाच नावं आहेत आणि त्यातली दोन मला उच्चारता येत नाहीत, सो मेंदी आजपासून बंद. भोवऱ्याची टेस्ट पण केली, आहे, डावीकडे, म्हणजे सरळ फ्लिक्स कॅन्सल.

सध्या असं ठरतंय की महिनाभर भांगाचा खेळ, मग एकदम हनुवटीपर्यंत ब्लंट बॉब, बॉयकटचं तिथे पोचल्यावर बघू. आधीहिशोब, रागावू नका. पण कर्ल्सचं कोणीच बोललं नाही. पर्म करू का?

आधीहिशोब:
रागावलो नाही, पण लांब केसांत एकदा तरी छानसा अंबाडा घालून फोटो काढून ठेवा मग कापा, एवढं ऐका.

रंगारी:
पर्म आत्ता नको. पर्ममध्ये केसाच्या आतले बंध तोडून रॉडच्या आकारात परत जोडतात, आणि जोडायला जे लावतात ते बहुतेक वेळा पेरॉक्साईडच असतं. म्हणजे परत तीच मेंदीची भानगड. मेंदीवाले केस पूर्ण कापले गेले की मग विचार करा.

आणि खरं सांगू, तुम्ही वेव्ही आहात म्हणताय पण ते कमरेच्या वजनाने ओढलेले वेव्ही आहेत. आखूड झाल्यावर काय निघतं ते आधी बघा. धुतल्यावर ओल्या केसांतच बोटांनी कंडिशनर सोडवून घ्या, टपकते असतानाच थोडं जेल, मग मूठभर केस खालून वर दाबायचे, जुन्या मऊ टी-शर्टने टिपायचं, आणि वाळेपर्यंत हात नाही, फणी तर अजिबात नाही. वाळल्यावर कडक लागतात ते हाताने चुरगळायचे. बऱ्याच जणींना चाळिशीत कळतं की आपले केस कुरळे आहेत, आयुष्यभर फणीने मोडत होतो.

कात्रीआधी:
आणि बॉब करायला जाल तेव्हा केस दोन दिवस आधी धुवून, नेहमी जसे वाळवता तसेच वाळवून जा, क्लचर न लावता, म्हणजे कापणाऱ्याला त्यांचा खरा स्वभाव दिसेल. फोटो एक नाही, दोन न्या, एक जसा हवा तो आणि एक जसा अजिबात नको तो. दुसऱ्याचा जास्त उपयोग होतो. पहिल्या फेरीत हनुवटीच्या दोन बोटं खाली थांबवा आणि घरी एकदा स्वतः धुवून बघा, मग वर न्यायचं की नाही ते ठरवा. फोटो टाका इथे!