तुर्कस्तानात बॅले ऑपेरापेक्षा इतका मागे का राहिला?

प्रश्न: पहिला तुर्की ऑपेरा ‘ओझसोय’ १९३४चा. मग बॅलेला इतका उशीर का?

उत्तर १: ‘ओझसोय’ इराणच्या शहांच्या भेटीनिमित्त बसवला होता, संगीत अदनान सायगुन यांचं. बॅलेचं तसं जमत नाही. लहानपणापासून आठ-दहा वर्षं अंग घडवावं लागतं, आणि सरकारी बॅले-शाळाच नव्हती. ती १९४८मध्ये इस्तंबूलच्या येशिलक्योयला निघाली, ब्रिटिश बॅलेतल्या नामवंत नृत्यरचनाकार निनेत द व्हाल्वा यांच्या मार्गदर्शनाखाली. १९५०मध्ये अंकाराच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे सरकारी संगीत-नाट्य विद्यालयात, गेली.

उत्तर २: म्हणून पहिला तुर्की बॅले ‘चेशमेबाशी’ थेट १९६५चा! संगीत फेरित त्युझुन, नृत्यरचना मात्र द व्हाल्वांचीच.

उत्तर ३: सालं जुळवताना घोळ होतो तो इथे: १९४९च्या कायद्याने राज्य नाट्यसंस्था आली, ऑपेराही तिच्यातच होता; ऑपेरा-बॅलेचं वेगळं संचालनालय १९७०चं.