ओटीपोटात आतून चिकटलंय : एन्झाइमच्या गोळ्या आणि मसाज यांचा कुणाला अनुभव आहे का?

केतकी_डोंबिवली

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

वय ३७. दोन सिझेरियन, २०१४ आणि २०१८ ला. मग २०२२ मध्ये उजव्या अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साचलेली गाठ) दुर्बिणीतून काढली. तेव्हा डॉक्टर म्हणाले की आत बरंच चिकटलंय. गर्भाशय पुढे मूत्राशयाला आणि आतड्याचा एक वेढा उजव्या बाजूला. सहज सुटलं तेवढं त्यांनी सोडवलं. सहा महिने बरे गेले आणि मग उजवीकडे खाली ओढ बसायला लागली. लोकलमध्ये उभी असताना गाडीने गचका दिला की आत कुणी दोरी खेचल्यासारखं होतं. लघवी तुंबली की दुखतं, शौचाच्या आधी दुखतं, पाळीत तर विचारूच नका. नवऱ्याजवळ जायचीही धास्ती बसली आहे. घरी हे कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते आहे.

सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणतात, पुन्हा ऑपरेशन केलं तर पुन्हा चिकटू शकतं, तूर्त दुखेल तेव्हा गोळी घ्या.

मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिने येणाऱ्या माणसाबरोबर सेरापेप्टेज आणि नॅटोकायनेज अशा दोन बाटल्या पाठवल्या आहेत. उपाशीपोटी घे, सगळं विरघळतं म्हणाली. इकडे आत्याचं म्हणणं, माझ्या बाळंतपणात यायच्या त्या मालिशवाल्या मावशींना बोलाव आणि पोट चोळून घे.

कुणी यातलं काही केलं आहे का? खरंच फरक पडतो का?

ता.क. गेल्या वर्षी पायात गुठळी झाली होती, त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी अजून चालू आहे. त्याचा याच्याशी संबंध नसावा, पण सांगून ठेवते.

सोनचाफा

केतकी, आधी हे सांगते की तू लिहिलंस ते बरं केलंस. त्या दोरीच्या ओढीचं तू केलेलं वर्णन वाचून मला माझेच दिवस आठवले.

माझं अपेंडिक्स फुटलं होतं, पोट उघडून ऑपरेशन झालं. तीन वर्षांनी दुखणं सुरू झालं. मी सेरापेप्टेज पाच महिने घेतलं, रोज सकाळी उपाशीपोटी, डोस वाढवत वाढवत. पहिल्या महिन्यात खूप बरं वाटलं. मी मैत्रिणींनाही सांगत सुटले. दुसऱ्या महिन्यापासून मात्र वहीत रोजचं दुखणं शून्य ते दहा असं लिहायला लागले, आणि पाचव्या महिन्याच्या शेवटी पानं उलटून पाहिली तर आकडा सहाच्या आसपासच फिरत होता. पहिल्या महिन्यात मी सुट्टीवर होते, माहेरी होते, झोप पूर्ण व्हायची. आता वाटतं, बरं वाटलं ते त्यानेच. तू काहीही कर, पण वही ठेव.

औषधवेडा

केतकीताई, तुमचा ता.क. वाचून घाईने लिहितो आहे. तुम्ही ज्याला संबंध नसावा म्हणालात तोच या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. त्या दोन्ही बाटल्या तूर्त उघडू नका. नॅटोकायनेज रक्तातल्या गुठळीचा धागा तोडतं म्हणूनच विकलं जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर ते चढवलं तर रक्तस्राव होऊ शकतो. सेरापेप्टेजचीही तीच काळजी. ज्यांनी गुठळीचं औषध दिलं त्यांना आज-उद्या फोन करून विचारा.

आता मूळ प्रश्न. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. हे शिकवताना मी नेहमी जखमेच्या खपलीपासून सुरुवात करतो.

पोटाच्या आतल्या पडद्याला खरचटलं की काही तासांत तिथे फायब्रिन नावाचा चिकट धागा साचतो. शरीर तो धागा स्वतःच काही दिवसांत विरघळवून टाकतं. पण जिथे रक्तपुरवठा कमी पडला, रक्त साचून राहिलं किंवा जंतुसंसर्ग झाला, तिथे धागा राहून जातो. मग त्याच्या आधाराने पेशी येतात आणि कोलॅजन, म्हणजे व्रणातलं चिवट प्रथिन, विणायला लागतात. पुढे त्या पट्ट्यात रक्तवाहिन्या शिरतात, मज्जातंतूही शिरतात. तुमची ऑपरेशनं होऊन वर्षं लोटली, म्हणजे आत आहे तो जिवंत ऊतीचा पट्टा आहे. फायब्रिन तोडणाऱ्या एन्झाइमला तिथे तोडायला फायब्रिनच उरलेलं नाही. आणि कोलॅजन तोडेल असं काही गोळीतून रक्तात गेलं, तर ते नेमक्या त्या पट्ट्यापाशीच थांबेल आणि आतड्याची भिंत सोडून देईल असं कसं मानायचं?

दुसरी अडचण तिथवर पोचण्याची. एन्झाइम म्हणजे प्रथिन. आपण डाळ पचवतो तसं जठर तेही पचवतं. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारा थर देतात. तरीही आतड्यातून रक्तात जाणारं प्रमाण फार थोडं असतं.

सेरापेप्टेज आपल्याला नवीन नाही. दात काढल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर दुखण्याच्या गोळीबरोबर सेराटिओपेप्टिडेज लिहून देतात, ते हेच. मुळात ते रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळालं. जपानमध्ये ते कित्येक वर्षं खपत होतं. पण नव्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, तेव्हा २०११ मध्ये ताकेदा कंपनीने ते तिथल्या बाजारातून मागे घेतलं. नॅटोकायनेज नत्तोमधून येतं, म्हणजे जपानी लोकांच्या आंबवलेल्या सोयाबीनमधून. अननसाच्या देठातलं ब्रोमेलेन आणि आपल्याकडचं कायमोरल फोर्ट, म्हणजे ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, हीही त्याच कुटुंबातली. नुकत्याच झालेल्या इजेची सूज उतरावी म्हणून ती देतात. जुने चिकटलेले अवयव यांनी सुटले असं माणसांवर कुणी दाखवून दिलेलं नाही.

मावसबहिणीने प्रेमाने पाठवलं आहे, त्यात तिची चूक नाही.

मालती_कोल्हापूर

केतकी बाळ, मी ६८ वर्षांची आहे. नातवाने मराठी टायपिंग शिकवलं म्हणून लिहू शकते.

मालिशबद्दल मला सांगायचंच आहे. आमच्याकडे पोटात दुखलं की बेंबी सरकली म्हणायचे आणि बाई येऊन तेल लावून पोट वर-वर चोळायची. मलाही त्याने बरं वाटायचं, खोटं बोलणार नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट ऐक. तिची गर्भपिशवी काढली होती. दोन वर्षांनी एका रात्री पोट फुगलं, कळा यायला लागल्या, हिरवी उलटी झाली. वायगोळा आहे म्हणून बाईला बोलावलं. तिने जोर लावून चोळलं, दुसऱ्या दिवशीही चोळलं. वारा सरत नव्हता, शौचाला होत नव्हतं, हे कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तर चिकटलेल्या पट्ट्यात आतडं अडकून काळं पडलेलं. हातभर आतडं काढावं लागलं. ती वाचली, पण ते दोन दिवस मला अजून सलतात, कारण बाईला बोलवायला मीच गेले होते.

म्हणून सांगते, शेक घे, गरम पाण्याची पिशवी ठेव, एरंडेल तेल कोमट करून नुसतं वरून लाव. पण पोट फुगून उलटी होत असेल आणि वारा सरत नसेल तर कुणाला हात लावू देऊ नकोस. सरळ दवाखाना गाठ.

स्पर्शवेध

मालतीकाकू, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करते. मसाजने चिकटलेलं सुटतं का, हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. २०१२ मध्ये बोव्ह आणि शापेल या दोघांनी उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. ऑपरेशननंतर लगेच रोज हलक्या हाताने पोट हलवलं तर चिकटणं कमी झालं. पण तिथे सगळा हिशेब दिवसांचा होता, तुमच्यासारखा वर्षांचा नाही. फ्लोरिडातल्या एका प्रसिद्ध क्लिनिकने हातांनी अ‍ॅडहीजन (म्हणजे हेच चिकटलेले पट्टे) सोडवल्याचे अहवाल छापले आहेत, पण ते बहुतांशी त्यांच्याच रुग्णांवरचे आणि त्यांनीच लिहिलेले. तुमचे जुने पट्टे मी हातांनी तोडेन असं मी कुणालाही सांगत नाही.

तरीही केतकी, तुम्ही फिजिओकडे जावं असं मला ठामपणे वाटतं. कारण दुखणं फक्त पट्ट्याचं नसतं. दोन-तीन वर्षं आत ओढ बसते आहे म्हटल्यावर शरीर त्या भागाला जपायला लागतं. पोट आत धरून ठेवणं, श्वास वरच्यावर घेणं, मांड्या आवळून बसणं. तळाचे स्नायू कायमचे आखडतात आणि मग ते स्वतःच दुखतात. लघवी तुंबल्यावरचं दुखणं, शौचाआधीचं दुखणं, संबंधांच्या वेळचं दुखणं, ही तिन्ही तुमच्या यादीत आहेत आणि तिन्हींत या स्नायूंचा वाटा असू शकतो. तो वाटा हातांनी कमी करता येतो.

घरी एक गोष्ट करून बघा. उताणं झोपा, जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे बोट ठेवून दाबा. बोट तसंच ठेवून डोकं आणि खांदे किंचित उचला. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते पोटाच्या भिंतीत, म्हणजे स्नायूत, व्रणात किंवा तिथल्या नसेत असण्याची शक्यता जास्त. कमी झालं तर आत. याला कार्नेटची चाचणी म्हणतात. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांना सांगायला तुमच्याकडे काहीतरी नेमकं असेल.

पहिल्या भेटीत काय होतं हे माहीत नसल्याने बायका घाबरतात, म्हणून लिहिते. आधी बोलणंच जास्त. मग श्वास, कंबर, सिझेरियनच्या व्रणाची कातडी खालच्या थरावर सरकते की नाही ते बघणं. आतून तपासणी तुमची संमती असेल तरच, एका बोटाने, आणि तुम्ही थांबा म्हणालात की तिथेच थांबायचं. कुणी न विचारता करू लागलं तर उठून या. आणि गुठळीबद्दल आल्याआल्या सांगा. त्या पायाची मालिश कुणालाही करू देऊ नका, घरच्या मावशींनाही नाही.

गोदाकाठ

माझं काम बीड जिल्ह्यात आरोग्याचं आहे, म्हणून थोडं लिहिते. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी ऐन तारुण्यातल्या. पिशवी काढली की दुखणं संपेल म्हणून त्यांनी कर्ज काढून ऑपरेशन केलं. मला भेटतात त्यांच्यात आजही कंबर आणि ओटीपोट धरून बसणाऱ्या आहेत, मोळी उचलताना कळ येते म्हणतात. त्यांना एन्झाइमची बाटली कुणी पाठवणार नाही आणि फिजिओ तालुक्यालाही नाही. स्पर्शवेध, घरी करता येईल असं काही मराठीत लिहून द्याल का? मी छापून वाटेन.

स्पर्शवेध

नक्की देते. चार दिवस द्या. तोवर एक गोष्ट : गुडघे वाकवून उताणं झोपायचं, हात बेंबीखाली, श्वास घेताना हाताखालचं पोट फुगू द्यायचं आणि खालचे स्नायू सैल सोडायचे, लघवी सुरू होताना सोडतो तसे. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. आवळायचे व्यायाम आखडलेल्या स्नायूंना त्रास देतात, ते सांगू नका.

औषधवेडा

ऑपरेशनचा विषय राहिला होता. नेदरलँड्समध्ये जुनं पोटदुखणं असलेल्या १०० जणांवर चाचणी झाली, २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली. निम्म्यांचं चिकटलेलं सोडवलं, निम्म्यांचं तसंच ठेवलं, आणि कुणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. वर्षभराने दोन्ही गटांत बऱ्याच जणांना बरं वाटत होतं आणि दोन गटांत ठळक फरक नव्हता. त्यामुळे तुमचे डॉक्टर सावध आहेत ते योग्यच वाटतं.

पण चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. तो आजार आत पुन्हा वाढतो आहे का, हे बघायलाच हवं. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि तिथे ऑपरेशनचा निर्णयही वेगळ्या हिशेबाने होतो. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आत काही नाही असं होत नाही, पट्टे तिच्यात सहसा दिसतच नाहीत. योनिमार्गे सोनोग्राफी करताना अनुभवी डॉक्टर प्रोब हलवून अवयव एकमेकांवर सरकतात का ते पाहतात. तशी करून घ्या. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : ऑपरेशन कधीच झालेलं नसताना आत चिकटलेलं निघालं तर जननमार्गाच्या क्षयाचीही तपासणी करून घ्या. आपल्याकडे ते कारण नेहमी लक्षात ठेवावं लागतं, आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

केतकी_डोंबिवली

साडेतीन महिन्यांनी येते आहे, माफ करा.

बाटल्या उघडल्या नाहीत. गुठळीच्या डॉक्टरांना फोन केला तर ते जवळजवळ ओरडलेच, घ्यायचं नाही म्हणाले. बहिणीलाही कळवलं. तिला वाईट वाटलं, पण तिच्या सासूबाई त्याच बाटलीबरोबर ॲस्पिरिन घेत होत्या, त्यांचं तिने लगेच बंद केलं.

योनिमार्गे सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूला सगळं सरकतं, उजवं अंडाशय सरकत नाही. नवीन सिस्ट नाही. पाळीसाठी हार्मोनची गोळी सुरू करायची होती, पण गुठळीमुळे इस्ट्रोजेन असलेली चालत नाही, म्हणून फक्त प्रोजेस्टेरॉनसारखी दिली आहे.

ठाण्याला फिजिओ मिळाल्या. नऊ वेळा गेले. पहिल्या दिवशी सिझेरियनच्या व्रणाला त्यांनी नुसता हात लावला आणि मी रडले. दुखलं म्हणून नाही, मी स्वतः सात वर्षांत तिथे कधी बोट लावलं नव्हतं. आता रोज आंघोळीनंतर मीच दोन बोटांनी तो इकडेतिकडे सरकवते. वहीत सुरुवातीला सात-आठ असायचे, गेल्या पंधरवड्यात तीन-चार आहेत. लघवी तुंबल्यावरचं दुखणं जवळपास गेलं. उजवीकडची ओढ आहे, गाडीचा गचका बसला की अजून कळतं.

आता पुढच्या वेळी नवऱ्यालाही घेऊन या म्हणाल्या आहेत. तो यायला तयार आहे, मीच अवघडले आहे. कुणी जोडीने गेलं आहे का? तिथे काय बोलणं होतं, ते आधी कळलं तर बरं वाटेल. इथे नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.