नऊ सामने कमी पडले. मॅनी मल्होत्राची कारकीर्द वाया गेली का?

सरेकर

गेल्या शनिवारी आमच्याकडे चारपाच मराठी कुटुंबं जेवायला होती. आइस हॉकीचा विषय निघाला आणि एक स्नेही म्हणाले, "तो मल्होत्रा ना? सातव्या नंबरला उचललेला पोरगा, जन्मभर या संघातून त्या संघात फिरत राहिला. वाया गेला." मला ते फार लागलं. त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅनी मल्होत्रा, जन्म १९८०, टोरोंटोशेजारच्या मिसिसागाचा. वडील पंजाबी, आई फ्रेंच कॅनेडियन. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि अठराव्या वर्षी तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या हॉकी लीगमध्ये, उतरलासुद्धा. पुढे डॅलस, कोलंबस, सॅन होजे, व्हँकुव्हर, कॅरोलायना, मॉन्ट्रियल. एकूण सात संघ, ९९१ सामने, ११६ गोल. हजार सामने झाले की खेळाडूला चांदीची स्टिक देऊन गौरवतात. याला नऊ कमी पडले.

माझं म्हणणं एवढंच, की गोल करणारा म्हणून घेतलेल्या मुलाला आपल्याच्यानं तेवढे गोल होत नाहीत हे कळलं. मग त्यानं खेळातलं एक छोटं, कोणाच्या डोळ्यांत न भरणारं काम उचललं आणि त्यात असा हात बसवला की संघ त्याला शोधत आले. ते काम म्हणजे फेस-ऑफ: खेळ सुरू करताना पंच दोघांच्या मधे पक, म्हणजे रबराची चकती, टाकतो, ती आपल्या बाजूला खेचायची.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा पहाटे साडेपाचला मी त्याला रिंकवर नेतो. मागच्या महिन्यात त्याच्या कोचनं अख्खा तास मुलांना फक्त फेस-ऑफ करायला लावला. खालच्या हाताची पकड उलटी, गुडघे वाकलेले, नजर समोरच्या मुलावर नाही, पंचाच्या मुठीवर. पक सुटतो आणि बर्फावर टेकतो न टेकतो तोच कोणाचा ते ठरून जातं. मुलगा तीस वेळा हरला. एकतिसाव्या वेळी पक मागे खेचला गेला, तेव्हा स्टिकचा आवाजच वेगळा आला आणि तो वळून काचेपलीकडे मला शोधायला लागला. मल्होत्रा हे एनएचएलमध्ये सोळा वर्षं करत होता आणि व्हँकुव्हरच्या पहिल्या मोसमात दहातले सहाहून जास्त फेस-ऑफ जिंकत होता. याला वाया गेला म्हणायचं?

आकडेमोड

सरेकर, तुमची कळकळ पोचली, पण मी तुमच्या स्नेह्यांच्या बाजूचा.

सातवा क्रमांक म्हणजे त्या वर्षी जगभरातल्या अठरा वर्षांच्या पोरांमध्ये सातवा. त्याच ड्राफ्टमध्ये सिमोन गान्ये बाविसावा गेला, त्यानं २९१ गोल केले. पावेल दात्स्युक तर १७१ वा, त्याचे ३१४. मल्होत्राचे ११६. रेंजर्सनी जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं नाही, आणि २००२ च्या मार्चमध्ये त्यांनी त्याला डॅलसला देऊन टाकलं. डॅलसनं पुढच्याच वर्षी वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे ज्याला हवा त्यानं काही न देता उचलून न्या. कोलंबसनं नेला. हा प्रवास वरून खालीच गेलाय. नंतर तो उपयोगी खेळाडू झाला, मान्य. पण उपयोगी होणं वेगळं आणि ज्यासाठी निवडला ते करून दाखवणं वेगळं. आपल्या पोरांना आपण करून दाखवायलाच सांगतो ना?

सरेकर

आकडेमोड, तुम्ही दात्स्युक मोजलात, पण सहावा कोण होता? रिको फाटा. मल्होत्राच्या आधीचा. त्याच्या वाट्याला एनएचएलमध्ये मल्होत्राच्या चौथाईसुद्धा सामने आले नाहीत. ड्राफ्टचा क्रमांक म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाबद्दल मोठ्या माणसांनी बांधलेला अंदाज. तो चुकला तर त्याचं ओझं जन्मभर मुलानं का वाहायचं?

आणि कोलंबसमध्ये तो २००९ पर्यंत टिकला. फुकटात आलेला माणूस पाच मोसम खेळला. याला खाली जाणं कसं म्हणता?

नीलांबरी

मला तुम्हा दोघांचंही पटत नाही.

वाया गेला की नाही, हे तुम्ही खेळाडूला विचारताय. मला लीगला विचारायचंय. अठराव्या वर्षी त्या पोराला मोठ्यांत उतरवलं, ७३ सामन्यांत ८ गोल झाले. दुसऱ्या वर्षी एनएचएलचे सामने फक्त २७, बाकी वर्ष खालच्या लीगमध्ये. घडायच्या वयात असं वर-खाली केल्यावर गोल करायचा आत्मविश्वास राहील कुठून? मग आपण म्हणायचं, बघा कसा जिद्दीनं फेस-ऑफ शिकला. शिकला, कारण दुसरं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

या फिरत्या आयुष्याचं कौतुक करताना घरच्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. माइक सिलिंजर बारा संघांकडून खेळला, एनएचएलमधला विक्रमच तो. २००३ च्या जुलैमध्ये कोलंबसनं त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसनं त्याच दिवशी फिनिक्सला. एका दिवसात दोन गावं! घरात दोन महिन्यांचं बाळ, कोलंबसमध्येच जन्मलेलं. माझ्या नवऱ्याची सहा वर्षांत तीन शहरांत बदली झाली. प्रत्येक वेळी खोकी बांधणं, मुलीची शाळा, नवा डॉक्टर, सगळं मी केलंय. त्यामुळे "संघ त्याला शोधत आले" हे वाक्य वाचून माझ्या डोळ्यांसमोर आधी खोकीच आली.

पक्का_मुंबईकर

नीलांबरीताई, त्या बाळाचं पुढे काय झालं तेही सांगा की. कोल सिलिंजर. २०२१ मध्ये कोलंबसनंच त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं. एवढी फरफट बघूनही मुलाला तोच खेळ खेळावासा वाटला, त्याचं काय करायचं?

हॉकी मला फारशी कळत नाही, पण हा धागा वाचताना सारखा अमोल मुझुमदार आठवतोय. रणजीत धावांचा डोंगर, मुंबईनंतर आसाम, आंध्र, आणि भारताची टोपी कधीच नाही. कोणी म्हणेल का त्याला वाया गेला?

आकडेमोड

मुंबईकर, इथे गल्लत होतेय. मुझुमदारला दार उघडलंच नाही. मल्होत्राला अठराव्या वर्षी सताड उघडं मिळालं. एकावर अन्याय झाला, दुसऱ्याला संधी मिळाली. दोघांना एकाच पारड्यात घालू नका.

सरेकर

बरोबर आहे, त्या दोघांची सुरुवात सारखी नाही.

नीलांबरीताई, खोक्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच माझ्या डोक्यात नव्हतं. २००४-०५ ला लीग बंद होती, तेव्हा हा माणूस एकाच हिवाळ्यात स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला आणि स्वीडनमध्ये एचव्ही७१ कडून खेळला. मी ते आजवर अभिमानानंच सांगत आलो. पण "दुसरं काही शिल्लक ठेवलं नव्हतं" हे मान्य नाही. तसे पर्याय न उरलेले शेकडो असतात, त्यातले बहुतेक घरी जातात.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते लिहितो. १६ मार्च २०११, व्हँकुव्हर, समोर कोलोरॅडो. पक उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. शस्त्रक्रिया झाल्या, मोसम संपला असंच सगळे धरून चालले. आणि ४ जूनला, स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात, तो बर्फावर उतरला. त्या संध्याकाळी मी घरी टीव्हीसमोर होतो, शेजारचे पंजाबी काका आले होते. तो पहिल्या फेस-ऑफला वाकला आणि मैदानात जो गजर झाला तो मी अजून विसरलेलो नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. गोल नाही, काही नाही, माणूस नुसता वाकला होता. ज्याचं सगळं कामच पंचाची मूठ उघडताना बघण्याचं, तो एका अधू डोळ्यानं ते करायला परत आला होता.

आकडेमोड

तो सामना मीही पाहिलाय. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पण पुढचं तुम्ही लिहिलं नाहीत. २०१३ मध्ये, डोळ्याला पुन्हा इजा होईल या भीतीनं, व्हँकुव्हरनं त्याला उरलेल्या मोसमासाठी बसवलं. त्याला स्वतःला खेळायचं होतं. त्या मोसमात त्याचे सामने झाले नऊ, आणि हजाराला कमी पडले तेही नऊच. बसवलं नसतं तर चांदीची स्टिक घरात असती. नीलांबरी लीगला विचारा म्हणतात, ते मला इथे पटतं. तिथे चूक त्याची नव्हती.

नीलांबरी

तो निर्णय मात्र मला बरोबर वाटतो. चांदीच्या स्टिकसाठी उरलेली दृष्टी पणाला लावायची? त्याच्या आईला विचारून बघा.

सरेकर

यावर मी दोन्हीकडे ओढला जातो, खरं सांगतो. बाप म्हणून नीलांबरीताईंचं पटतं. पण त्यानं स्वतः काय केलं बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ३३ व्या वर्षी, तो शार्लटला गेला, खालच्या लीगमध्ये, नुसत्या चाचणीच्या करारावर. महिना संपायच्या आत कॅरोलायनानं वर बोलावलं आणि तिथे तो ६९ सामने खेळला. पुढे मॉन्ट्रियलमध्ये ५८ सामने, १ गोल, आणि फेस-ऑफ तसेच जिंकत राहिला.

पक्का_मुंबईकर

आणि आता करतो काय?

सरेकर

कोच. व्हँकुव्हर आणि टोरोंटोत सहायक होता, मग २०२४ मध्ये इथून जवळच अ‍ॅबट्सफर्डला मुख्य कोच झाला. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या संघानं एएचएलचा, म्हणजे त्याच खालच्या लीगचा, काल्डर कप जिंकला. अंतिम फेरीत समोर शार्लट होतं, सहावा सामना त्यांच्याच गावात.

आकडेमोड

हे शार्लटचं माहीत नव्हतं. ११६ गोल मला अजूनही कमीच वाटतात. पण "वाया गेला" हा शब्द मी मागे घेतो.

सरेकर, मुलाला फेस-ऑफच्या वेळी पाय जरा जास्त फाकवायला सांगा. माझी मुलगी तिथेच हरायची.