बागेतलं फुकट शेक्सपिअर: आईबाबांना कुठे नेऊ? (न्यूयॉर्क / न्यूजर्सी)

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

आईबाबा सांगलीहून आलेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. नायगरा झाला, वॉशिंग्टन झालं, मंदिरं झाली. आता बाबा रोज संध्याकाळी कॉम्प्लेक्सला सहा फेऱ्या मारतात आणि "एक माणूस दिसत नाही रे रस्त्यावर" म्हणून सोफ्यावर बसतात.

बाबांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्यात सांगलीचे, म्हणजे नाटकवेडे हे वेगळं सांगायला नको. शेक्सपिअरचे उतारे तोंडपाठ, पण इंग्रजीतून उभा राहिलेला प्रयोग आयुष्यात पाहिलेला नाही. ब्रॉडवेचे दर सांगितले तर ते परतीचं विमान पकडतील. ऑफिसातल्या एकीने सांगितलं की उन्हाळ्यात इथे बागांमधून शेक्सपिअर फुकट असतो. खरं आहे का? कुठला बरा? आईचे गुडघे दुखतात आणि तिला इथले उच्चार कळत नाहीत, तर ती कंटाळेल का? खायला नेता येतं का? अनुभवी लोकांनी सांगा.

रांगेतला_राजा

खरं आहे, आणि त्यातलं पंढरपूर म्हणजे सेंट्रल पार्कातलं डेलाकोर्ट. पब्लिक थिएटरवाले चालवतात. ८१व्या रस्त्याने पार्कात शिरलात की बेल्वेडिअर कॅसलच्या पायथ्याशी आहे, रंगमंचाच्या मागे कासवांचं तळं. साधारण अठराशे खुर्च्या आणि वर मोकळं आभाळ. दुरुस्तीसाठी बंद होतं ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'ट्वेल्फ्थ नाइट'ने उघडलं. नव्या बांधकामात बाहेरून जे लाकूड लावलंय ते शहरातल्या गच्च्यांवरच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचं आहे, हे बाबांना जरूर दाखवा.

तिकीट फुकट, पण मिळवावं लागतं. प्रयोगाच्या दिवशी दुपारी १२ वाजता थिएटरपाशी वाटतात, माणशी दोन. रांग मात्र पहाटेपासून. पार्क सकाळी ६ ला उघडतं, त्याआधी आलेले बाहेर फुटपाथवर बसलेले असतात. दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवायची नाही, मधे घुसायचं नाही. फोनवर लॉटरीही असते, ती रोज लावत राहायची. ज्येष्ठांच्या रांगेचे यंदाचे नियम त्यांच्या साइटवर बघून घ्या.

मी चार वेळा रांग लावली आहे. खरं सांगू का, निम्मी मजा त्या रांगेतच असते. सतरंजी अंथरायची, पत्ते काढायचे, शेजारच्या म्हातारीकडून १९७० च्या दशकातल्या प्रयोगांच्या गोष्टी ऐकायच्या.

बाबांना अजून एक गोष्ट सांगा. हे सगळं उभं केलं ते जोसेफ पॅप या ब्रुकलिनच्या गरीब घरातल्या माणसाने. शेक्सपिअर त्याने सार्वजनिक वाचनालयात वाचला. १९५७ मध्ये ट्रकवर रंगमंच बांधून गावभर फुकट प्रयोग करत हिंडला. १९५९ मध्ये पार्कांचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस म्हणाला, लोकांच्या बसण्याने गवत खराब होतं, त्याची भरपाई म्हणून तिकीट लावा. पॅप म्हणाला, तिकीट लावणार नाही. कोर्टात गेला, आधी हरला, मग अपिलात जिंकला. शेवटी त्याच मोझेसने कायमचं थिएटर बांधायला मदत केली आणि १९६२ मध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'ने ते सुरू झालं. गवताच्या दाव्यातून थिएटर उभं राहिलं म्हणा ना.

गोगलगाय

राजे, माहिती झकास, पण गुडघेदुखीच्या बाईला पहाटे फुटपाथवर बसवणार का तुम्ही?

एडिसनकर, पहिल्या खेपेला डेलाकोर्टच्या मागे लागू नका. एवढ्या खटपटीने मिळालेलं तिकीट हातात असलं की नाटक आवडलंच पाहिजे असं दडपण येतं, आणि कंटाळा आला तरी उठवत नाही. छोट्या बागेतला, तिकीटच नसलेला प्रयोग बघा. हडसन क्लासिकल थिएटर कंपनी रिव्हरसाइड पार्कात करते, ८९व्या रस्त्यावरच्या सोल्जर्स अँड सेलर्स स्मारकापाशी. संध्याकाळी ६:३० च्या सुमारास सुरू. पायऱ्यांवर बसायचं असतं, म्हणून आईंसाठी घडीची खुर्ची आणि एक उशी न्या. दगड संध्याकाळीही तापलेला असतो.

न्यूयॉर्क क्लासिकल थिएटरचाही प्रकार मस्त आहे, पण तुमच्या आईंना नको. त्यात नाटकच चालतं. म्हणजे एक प्रवेश या झाडाखाली, पुढचा त्या टेकाडावर, आणि प्रेक्षकांनी नटांमागून वारीसारखं चालायचं. अंधार पडला की त्यांची माणसं हातातल्या टॉर्चने नटांवर उजेड टाकतात. बाबा एकटे येणार असतील तर डोळे झाकून न्या.

मठ्ठाप्रेमी

गोगलगाय +१.

पार्कच हवं असा हट्ट नसेल तर 'शेक्सपिअर इन द पार्किंग लॉट' पण बघा, लोअर ईस्ट साइडला. नावाप्रमाणेच गाड्या लावायच्या जागेत करतात. मॅकबेथ चालू असताना एक माणूस गाडी काढायला आलेला मी पाहिलाय. सैन्याने त्याला वाट करून दिली.

खाण्याचं: बागेत सगळीकडे डबा चालतो. कुरकुरीत पिशव्या तेवढ्या नेऊ नका, शांत प्रवेशात फार वाजतात. डासांचं मलम हवंच. जूनअखेर सूर्य साडेआठला मावळतो, त्यामुळे सुरुवातीला तोंडावर ऊन येतं. टोपी, पाणी. आणि पोचल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह कुठे आहे ते हेरून ठेवणे. आमच्या सासूबाईंचं अर्ध नाटक त्या चिंतेत गेलं होतं.

एडिसनकर

धन्यवाद! रिव्हरसाइड बघतो. पण भाषेचं काय? बाबांनाही ऐकताना कितपत झेपेल, शंका आहे. पुस्तकातलं वेगळं.

चार्ल्सकाठी

बॉस्टनहून लिहितोय. भाषेची धास्ती घेऊ नका. शेजारी बसलेल्या अमेरिकनालाही निम्मं कळत नसतं, तो फक्त योग्य जागी हसतो.

आमच्याकडे बॉस्टन कॉमनवर कॉमनवेल्थ शेक्सपिअर कंपनी १९९६ पासून दर उन्हाळ्यात एक नाटक फुकट करते. तिकीट नाही, चटई टाका आणि बसा. काही प्रयोगांना संवाद पडद्यावर लिहून येतात, तसा प्रयोग निवडला तर ज्येष्ठांना फार सोपं जातं. न्यूयॉर्कमध्येही अशी सोय कुठल्या दिवशी आहे ते आधी विचारा. तुम्ही इकडे येणार असाल तर जुलै-ऑगस्ट धरा.

शिष्टाचार म्हणून सांगतो: बुटकी खुर्ची असेल तर मधे बसता येतं, उंच खुर्ची असेल तर कडेला किंवा मागे. मी पहिल्या वर्षी मोठी आरामखुर्ची घेऊन मोक्याच्या जागी बसलो होतो. मागच्या बाईंनी मध्यंतरापर्यंत कळ काढली, मग खांद्यावर टकटक केलं.

रखमाबाई_ऑनलाइन

गोष्ट आधी सांगून न्या. कीर्तनाला पूर्वरंग असतो तसा. आपल्याकडे रामायण कुणी शेवट काय होणार म्हणून बघत नाही, मग इथे तरी गोष्ट कळली तर मजा जाईल ही भीती कशाला? कोण कोणाचा कोण, कोण वेषांतर करतं, कोण मरतं, एवढं गाडीत सांगायचं. आणि पहिल्यांदा विनोदी नाटक निवडा. इंग्लंडच्या राजांची नाटकं नकोत, त्यात सगळ्यांची नावं हेन्री असतात.

बाबांना तर मराठीची वाट आहेच. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंजारराव' केलं, गणपतराव जोशींचा हॅम्लेट आपल्या आज्यापणज्यांनी डोक्यावर घेतला. सांगलीच्या माणसाला हे काही परकं नाही.

एडिसनकर

हे बाबांना वाचून दाखवलं. "देवलांचा जन्म आमच्या हरिपूरचा" एवढं बोलून ते खूश होऊन फेऱ्या मारायला गेले. :)

मालवणी_मसाला

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या सिंधुदुर्गात थंडीत देवळापुढे रात्रभर दशावतार असतो, तोही फुकटच. पण आरतीचं ताट लोकांमधून फिरतं, त्यात जो तो यथाशक्ती टाकतो. इथे पहिल्यांदा प्रयोगाला गेलो आणि शेवटी राजाच टोपी घेऊन माझ्यापुढे आला तेव्हा मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं.

तात्पर्य नाही, सूचना: सुटे डॉलर खिशात ठेवा. आजकाल क्यूआर कोडचा फलकही धरतात, पण टोपीत नोट टाकताना नट जो वाकून नमस्कार करतो तो फोनला करत नाही.

कूपरटिनोची_काकू

बे एरियावाल्यांसाठी इथेच लिहून ठेवते, वेगळा धागा कशाला. सॅन फ्रान्सिस्को शेक्सपिअर फेस्टिव्हल १९८३ पासून फुकट प्रयोग करतं, पहिला गोल्डन गेट पार्कात 'टेम्पेस्ट'चा. तेच नाटक वेगवेगळ्या गावांत फिरवतात. कूपरटिनोच्या मेमोरियल पार्कात आणि प्लेझंटनला आम्ही पाहिलंय. कूपरटिनोला उन्हाची टोपी लागते आणि सॅन फ्रान्सिस्कोला स्वेटर, शाल, कानटोपी सगळं. पुण्याहून आलेल्या जाऊबाईंनी ऑगस्ट महिना म्हणून सुती साडी नेसली आणि दुसऱ्या अंकापासून सतरंजी पांघरून बसल्या.

गोगलगाय

एडिसनकर, अजून एक. रिव्हरसाइडचं जमेपर्यंत तुमच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या लायब्ररीतला सूचनाफलक वाचा. न्यूजर्सीत बऱ्याच गावांची उद्यानखाती उन्हाळ्यात बँडचे कार्यक्रम ठेवतात, त्यात एखाद्या शनिवारी छोटी नाटकमंडळी येऊन जाते. त्याची जाहिरात फारशी होत नाही. पाऊस आला तर काय, हे मात्र दुपारी फोन करून विचारा. मोठ्या ठिकाणी रिमझिमीत प्रयोग चालू ठेवतात, छोटी मंडळी वायरी गुंडाळून निघून जातात.

एडिसनकर (तीन आठवड्यांनी)

अपडेट देतो, सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

रिव्हरसाइडचा बेत दोनदा ठरला, दोन्ही वेळा पाऊस. मग गोगलगाय यांचं ऐकून लायब्ररीत गेलो. शेजारच्याच गावच्या बागेत 'मच अडू अबाउट नथिंग' होतं. गाडीने बारा मिनिटं. प्रेक्षक फार तर सत्तर, त्यात पंधरा पोरं आणि पाच कुत्री. रंगमंच वगैरे काही नाही, दोन लाकडी बाकं आणि झाडाला बांधलेल्या पताका. नट नऊ, पात्रं बरीच जास्त, त्यामुळे टोपी बदलली की माणूस बदलला.

बाबांनी गाडीत पूर्वरंग सांगितला. तो इतका रंगला की पार्किंगमध्ये पोचल्यावरही दहा मिनिटं चालू होता. आई म्हणाली, "म्हणजे दोघं भांडतात आणि मित्र मिळून त्यांचं जुळवतात. एवढंच ना? चला."

आई पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. बाबा शेजारी, हातात पुस्तक, बोट पानात. पहिला अर्धा तास ते नटाच्या मागोमाग ओळी वाचत होते. कापलेली ओळ आली की "गाळलं" असं पुटपुटायचे. मी म्हटलं, झालं, ही काय संध्याकाळ.

मग तो प्रवेश आला. भांडणाऱ्या दोघांतला बेनेडिक, त्याचे मित्र त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलतात की बिअॅट्रिस त्याच्यासाठी झुरते आहे, आणि तो लपून ऐकतो. लपायला झाड एकच, तेही काटकुळं. तो नट सरळ प्रेक्षकांत शिरला आणि आईच्या खुर्चीमागे उकिडवा बसला. तिची छत्री उचलली, उघडून तोंडासमोर धरली. सगळी बाग हसायला लागली. आईने मागे वळून बघितलं, दारात आलेल्या पाहुण्याकडे बघते तसं, आणि डबा त्याच्यापुढे धरला.

त्याने घेतला हो शंकरपाळा. छत्रीआडून हात आला, एक उचलला, परत आला, दुसरा उचलला. पलीकडे मित्र बोलतायत आणि इकडे हा चावतोय. नंतर उठून पुढे गेला तो "ही काही थट्टा नसावी" असं म्हणत, तोंडात अजून तुकडा होताच.

बाबांनी पुस्तक मिटलं. पुढचा सगळा वेळ ते पुढे वाकून बघत होते. आईला विचारलं कळलं का, तर म्हणाली, "शब्द नाही कळले. त्या पोरीचं लग्न मांडवात मोडलं तेव्हा मात्र पोटात कालवलं." टोपी फिरली तेव्हा बाबांनी पाचाची नोट टाकली आणि नटाला म्हणाले, "वेल स्पोकन." परत येताना मला: "छान केलं. पण स्वगताच्या सुरुवातीला त्याने दोन शब्द खाल्ले."

आई मागून: "शब्द नाही, शंकरपाळे."

आता बाबा रोज लायब्ररीचा फलक बघायला स्वतः चालत जातात. डेलाकोर्टची लॉटरीही लावतोय, लागली तर राजांना कळवतो.

रांगेतला_राजा

वा! लॉटरी लावत राहा. नाहीच लागली तर एक दिवस मी रांगेत बसतो बाबांसोबत, सतरंजी माझी. आईंना मात्र संध्याकाळीच आणा, डब्यासकट.

मठ्ठाप्रेमी

बाबांना विचारा ना, नेमके कुठले दोन शब्द खाल्ले?

एडिसनकर

विचारलं. पाऊण तास झाला, उत्तर अजून चालू आहे.