मदत हवी आहे: केआय-६७ चे दोन वेगळे आकडे, ब्लॉक फेरतपासणीला कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी. माझी आत्या तासगावची, वय ५८. स्तनातली कॅन्सरची गाठ मिरजेत काढली. काखेतल्या गाठींत काही नाही, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं वाढीचं प्रथिन जास्त नाही). इथवर सगळं बरं. अडलंय ते केआय-६७ या प्रथिनाच्या आकड्यापाशी. सुईच्या बायोप्सीत १२ टक्के होता, ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात (लॅब दुसरी) २६.

वाचून एवढं कळलं की पेशी विभाजनाच्या चक्रात असली की हे प्रथिन केंद्रकात दिसतं, चक्राबाहेर निवांत बसलेल्या पेशीत दिसत नाही. म्हणजे शंभरातल्या किती पेशी वाढीला लागल्यात त्याची मोजदाद. आत्यासारख्या केसमध्ये आकडा ५ किंवा कमी, नाहीतर ३० किंवा जास्त असेल तर त्यावर भिस्त ठेवता येते; मधल्या आकड्यांत लॅबगणिक, मोजणाऱ्यागणिक फरक पडतो. आमचे दोन्ही नेमके मधलेच!

केमो द्यायची की नुसत्या हार्मोनच्या गोळ्या, यासाठी डॉक्टरांनी २१ जनुकांची चाचणी सुचवलीय. खर्च ऐकून आत्याचे मालक गप्पच झाले. बागेच्या छाटणीची मजुरी अजून द्यायचीय.

सांगली-मिरजेतून कुणी पॅराफिन ब्लॉक (गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा) मुंबईला टाटात फेरतपासणीला नेलाय का? लॅबकडे अर्ज कसा करायचा? पेशंटला सोबत न्यावंच लागतं का? आणि ही जनुक चाचणी न करता डॉक्टरांनी निर्णय घेतला, असं कुणाच्या घरात झालंय का?

काढे कृपया सुचवू नका. एक घरात आधीच उकळतोय.